नोकरीपूर्व पडताळणी : अहवाल कंपनीला मिळतो, मग उमेदवाराला का नाही?

मुलाखत झाली, ऑफर लेटर आले, जुन्या कंपनीत राजीनामाही दिला. त्यानंतर नव्या कंपनीच्या एचआरचा दोन ओळींचा ई-मेल येतो : ‘पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक नसल्याने ऑफर रद्द करण्यात येत आहे.’ नेमके काय आढळले, कोणी सांगितले, ते खरे की खोटे, याचा त्यात उल्लेख नसतो. पडेगावातून वाळूज एमआयडीसीत शिफ्टला जाणारा डिप्लोमाधारक असो की पुण्याच्या आयटी कंपनीत निवड झालेली इंजिनिअर, अशा ई-मेलनंतर दोघांचीही दोन्ही दारे बंद होतात.

पडताळणी चुकीची नाही

बनावट पदव्या आणि खोटी अनुभवपत्रे बाजारात आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. बँकेचा रोखपाल किंवा स्कूलबसचा चालक नेमताना चौकशी झालीच पाहिजे. शिक्षण, मागील नोकऱ्या, पत्ता आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी एवढे तपासणे रास्तच आहे. मात्र हे काम बहुतेकदा बाहेरच्या एजन्सीकडे असते आणि एजन्सीही चुकू शकते.

मराठवाड्यात तर चुकायला भरपूर जागा आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर नाव बदलते, पदवीवर माहेरचेच राहते. २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलल्याने एका कागदावर औरंगाबाद, तर दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर. परराज्यात बसून कागद जुळवणाऱ्याला ही ‘तफावत’ वाटू शकते. ती खोटेपणा नाही, हे सांगायला उमेदवाराला संधीच मिळाली नाही तर?

न्यायालयांनी आखलेल्या मर्यादा

काय तपासायचे आणि त्यावरून काय ठरवायचे, याला मर्यादा आहेत. एका सार्वजनिक उपक्रमाने एचआयव्हीबाधित आढळल्यामुळे हंगामी कामगाराला काम नाकारले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या प्रकरणात स्पष्ट केले, की माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ या कारणाने त्याची रोजीरोटी हिरावता येत नाही. कामगाराची ओळख जपण्यासाठी या खटल्यात नावाऐवजी ‘एमएक्स’ ही अक्षरे वापरली गेली. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास मनाई केली.

पोलीस केसबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल महत्त्वाचा आहे. तो सरकारी नोकरीबाबतचा असला तरी त्यातली तत्त्वे सगळीकडे उपयोगी पडावीत अशी आहेत. अर्जातील माहिती खरीच हवी, पण प्रश्नही नेमका हवा. जे स्पष्टपणे विचारलेच नाही, ते लपवले असे म्हणता येत नाही. किरकोळ गुन्ह्याची माहिती दिली नसेल, तर मालक त्याकडे दुर्लक्षही करू शकतो.

नव्या कायद्यातली फट

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र नागरिकांना हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी, असे हा कायदा सांगतो.

अडचण पुढे आहे. कलम ७ नुसार ‘रोजगाराच्या कारणासाठी’ संमतीशिवायही माहिती वापरता येते. आपली कोणती माहिती वापरली आणि कोणाला दिली हे विचारण्याचा, तसेच ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मात्र मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. कंपनीने ‘रोजगाराचे कारण’ पुढे केले, तर अहवाल मागणाऱ्याचे हात रिकामेच राहण्याची भीती आहे.

अमेरिकेतील कायदा याबाबत साधा मार्ग दाखवतो. तिथे एजन्सीकडून अहवाल मागवण्याआधी लेखी परवानगी लागते आणि त्या अहवालावरून नोकरी नाकारायची असेल, तर आधी त्याची प्रत व हक्कांची माहिती उमेदवाराला द्यावी लागते. आपल्याकडेही एवढा एक नियम हवा : नकाराआधी अहवाल द्या आणि उत्तरासाठी काही दिवस द्या. कंपनीचा यात एका ई-मेलपलीकडे खर्च नाही. उमेदवाराचे मात्र वर्ष वाचू शकते.

तोपर्यंत काय करावे?

• संमतीपत्र वाचूनच सही करा. काय तपासणार, कोणती एजन्सी तपासणार, माहिती किती काळ ठेवणार, हे ई-मेलवर विचारा.

• ‘सध्याच्या कंपनीशी राजीनाम्याआधी संपर्क नको’ असे लेखी कळवा. शक्यतो पडताळणी पूर्ण झाल्याचे कळल्यावरच राजीनामा द्या.

• पीएफच्या यूएएन खात्यातील रुजू होण्याच्या व सोडल्याच्या तारखा अनुभवपत्राशी जुळतात का, ते आधीच पाहा. एजन्सी बहुधा हेच पाहते.

• नावात फरक असल्यास राजपत्रातील नोंद, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र कागदपत्रांसोबतच जोडा.

• ओळखपत्र म्हणून आधार द्यायचे असल्यास शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ चालेल का, ते विचारा. मूळ प्रमाणपत्रे दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका.

• ऑफर रद्द झाली, तर कारण आणि अहवालाची प्रत लेखी मागा. उत्तर आले नाही, तरी तो ई-मेल पुढे पुरावा ठरू शकतो.

कंपनीला उमेदवाराबद्दल खरी माहिती हवी असते आणि ती मागण्याचा तिला अधिकार आहे. आपल्याबद्दल काय लिहिले गेले, हे वाचण्याचा तेवढाच अधिकार उमेदवारालाही हवा. ज्या अहवालावरून एखाद्याची नोकरी जाते, तो त्याच्यापासूनच लपवला जात असेल, तर त्याला पडताळणी कसे म्हणायचे?