मेळाव्यात कोण कोणाला शिकवते?

गणित-विज्ञानाचे पालक मेळावे आता गावोगाव होतात. शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंज्या, चिंचोके, काड्या, तराजू. मुलाला घेऊन आई येते. टेबलामागे उभी असते उद्याची शिक्षिका, म्हणजे डी.एड. (आता डी.एल.एड. म्हणतात) नाहीतर बी.एड. करणारी मुलगी. तिला ‘अनुभव’ मिळतो, आईला ‘मार्गदर्शन’ मिळते, पोराला खाऊ मिळतो. सगळे खूष! यात स्त्री-संघटनांनी बोलण्यासारखे काय आहे, हा तर शिक्षण खात्याचा विषय, असे आपल्याच मैत्रिणी म्हणतात. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. टेबलाच्या अल्याड बाई, पल्याड बाई, आणि मध्ये तो विषय, ज्याच्या नावाखाली बायकांना पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभे केले. हा आपला विषय नाही तर कोणाचा?

घरच्यांसह गणित करण्याच्या या पद्धतीचा एक महत्त्वाचा उगम स्त्री-चळवळीच्या अगदी शेजारी आहे, हे फार थोड्या जणींना ठाऊक असते. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात ल्यूसी सेल्स या अभ्यासक बाईंनी १९७० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले, की मुली शाळेत पुरेसे गणित न घेताच विद्यापीठात येतात आणि त्यामुळे कितीतरी शाखांची दारे त्यांना पहिल्याच दिवशी बंद होतात. त्यांनी गणिताला चाळणी म्हटले. त्याच बर्कलीत, लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समध्ये, १९७७ साली ‘इक्वल्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. मुलींना गणितात टिकवायचे तर शिक्षकांना काय करता येईल, हा त्याचा प्रश्न. त्यातूनच पुढे ‘फॅमिली मॅथ’ आले. त्याचे पुस्तक १९८६ साली निघाले. संध्याकाळी, काही आठवडे ओळीने, आईबाप आणि मूल एकाच टेबलाशी बसून वाल, काड्या, नाणी घेऊन गणित करीत. गुण नाहीत, परीक्षा नाही. तिकडच्या अनेक अध्यापक महाविद्यालयांत अशा गणित-विज्ञानाच्या संध्याकाळी आखणे आणि चालवणे हा भावी शिक्षकांच्या शिक्षणाचा भाग झाला. मुळातला हेतू मात्र लक्षात ठेवा: चाळणी मोडायची होती.

आपल्याकडे ही चाळणी उघडउघड अभ्यासक्रमातच होती. मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र, अशी सोय (कोणाची सोय?) अनेक ठिकाणी होती. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नकोत असे हंसा मेहता समितीने सांगितले, आणि दहावीपर्यंत सर्वांना गणित-विज्ञान हवे असे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने. कागदावर प्रश्न मिटला. घरात, वर्गात आणि मेळाव्यात तो तसाच राहिला.

महाराष्ट्रात २०२२ साली ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. मेळाव्यांत गणनपूर्व तयारीचे एक टेबल असते, आणि वस्तीवस्तीत ‘माता पालक गट’ करायचे असतात. पहिलीत येणाऱ्या पोराचे स्वागत होते, आई शाळेच्या आत येते, हे चांगलेच आहे. पण नावातच ‘माता’ आहे. पोराला बेरीज आली नाही तर जाब कोणाला विचारणार, हे नावातच ठरून गेले. पाणी भरणे, रोजाने जाणे, सासूची औषधे, त्यात आता पायाभूत संख्याज्ञान! बापाला मात्र मेळाव्याच्या दिवशी रोज बुडवता येत नाही. जणू आईच्या रोजाला किंमतच नाही.

आणि टेबलामागची मुलगी? तिला नेमका कसला अनुभव मिळतो? आम्ही पाहिलेल्या एका मेळाव्यात अध्यापक विद्यालयाच्या मुलींनी सकाळी रांगोळी काढली, नावे लिहिली, चहा दिला. मोजमापाचे आणि भिंगाचे टेबल दोन मुलगे सांभाळत होते. (रांगोळीतल्या ठिपक्यांत गणित असते, हे त्या दिवशी कोणाला सुचले नाही.) एक मुलगी दुपारी आकडे-ओळख घ्यायला बसली. समोर आईने तोंड उघडले की ती म्हणे, “काकू, तुम्ही नका सांगू, त्याला सांगू द्या.” काकू पदर सावरून मागे सरकल्या आणि मेळावा संपेपर्यंत गप्प राहिल्या. त्या मुलीच्या वहीवर सरांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला. उद्या ती हेच वर्गात करणार. गणित शाळेतून घरी जाते, उलटे येत नाही, हा धडा तिने त्या दिवशी पक्का केला.

तिला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी दहावीचा गणिताचा पेपर अजून स्वप्नात पाहतात. शिक्षिका होणाऱ्या मुली काही वेगळ्या मातीच्या नसतात. अमेरिकेतल्या १७ शिक्षिकांच्या वर्गांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या बाईंना गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या काही मुली वर्षअखेर ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ असे मानू लागल्या होत्या, आणि त्या मुलींचे गणित मागे पडले होते. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. पाच वर्षांनी, २०१५ साली, दुसऱ्या अभ्यासात दिसले की गणिताला घाबरणारे आईबाप घरच्या अभ्यासात जितकी जास्त मदत करतात, तितके मूल गणित कमी शिकते. म्हणजे ‘आयांनो, मुलांचा अभ्यास घ्या’ एवढेच सांगणारा मेळावा भीतीची वाटणी करून मोकळा होतो. बाईंची भीती मुलीला, आईची भीती लेकराला. ही भीती त्यांच्यात रुजवली कोणी, हे विचारल्याशिवाय बायकांनाच पुन्हा गुन्हेगार ठरवायला ही संशोधने वापरली जातील, तर आपण ते होऊ देता कामा नये.

खरे पाहता त्या काकूंकडे गणित नव्हते का? ब्लाउज बेतताना छातीचे माप चारने भागून त्यात शिलाईचा भाग धरतात, तो अपूर्णांकच. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी अजून आहे. दुप्पट आणि निम्मे शिकवायला याहून चांगले साधन कोणते? ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणारी मुले गिऱ्हाइकासमोर शंभरातले अठ्ठ्याण्णव हिशेब बिनचूक करीत. तसेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले, की शंभरातले जेमतेम सदतीस बरोबर येत. हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. मुंबईत होमी भाभा केंद्राच्या संशोधकांनी धारावीतल्या कामकरी मुलांच्या अशाच हिशेबांचा अभ्यास केला आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५ साली आला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: शाळेत बऱ्या असणाऱ्या मुलांना बाजारचा हिशेब जमत नाही. पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

तेव्हा ‘बायकांना सगळे येतेच’ असे गोडवे गाऊन भागणार नाही. आईचा हिशेब आणि फळ्यावरचे गणित यांची गाठ आपोआप पडत नाही. ती घालणे हीच शिक्षिकेची कला. ही कला शिकायची कोठे? दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेतला अनुभव आहे, पण वर्गात आई नसते. मेळाव्यातच काय ती भेटते. आणि तिथे आपण भावी शिक्षिकेला बोलायला शिकवतो, ऐकायला नाही.

एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या गटांच्या जिव्हाळ्याचे आहे. दहा हजारांचे कर्ज, बारा टक्के ‘सरळ’ व्याज, बारा सारखे हप्ते. व्याज बाराशे, म्हणून बाई मान डोलावते. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते. वर्षभरात सरासरी निम्म्याहून थोडेसेच मुद्दल तिच्याकडे असते. म्हणजे खरा दर बारा नसून साडेएकवीसच्या आसपास पडतो. चिंचोके मांडून हे अर्ध्या तासात दाखवता येते. सातवीतली मुलगी, तिची आई, तिचा बाप आणि बी.एड.ची विद्यार्थिनी यांनी एकत्र बसून हे एकदा केले, तर चौघांच्याही डोक्यातले गणित बदलेल. विद्यार्थिनीचे सर्वांत जास्त, कारण हप्ता कसा ठरतो हे तिला काकूंना विचारावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे असे. आपल्या भागातल्या अध्यापक विद्यालयाला मेळाव्याच्या आधी गाठा. मेळावा सकाळी अकराला नको, कामावरून बायका परतल्यावर किंवा बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायला लावा. विद्यार्थिनींनी आधी दोन-चार घरी, शेतावर, शिवणाच्या यंत्रापाशी बसून हिशेब टिपून आणावेत आणि त्यावरच टेबले मांडावीत. हे तास त्यांच्या सरावात धरले जावेत, प्रवासाचे पैसे मिळावेत. फुकटची स्वयंसेविका म्हणून त्यांना राबवू देऊ नका. चहा आणि रांगोळी मुलग्यांकडे, भिंग मुलींकडे, एवढे तर पहिल्याच वर्षी जमेल. आणि नोंदवहीत ‘मातेचे नाव’ एवढाच रकाना असेल तर तो खोडून ‘सोबत कोण आले’ असा करून घ्या. त्यात बाप किती, आजोबा किती, हे मोजून आम्हांला कळवा. पुढच्या अंकात आकडे छापू.