विकत घेतलेली वस्तू कुणाची?

(बी. ए. अंतिम वर्ष)

एखादी वस्तू रोख पैसे मोजून घरी आणली की ती आपली झाली, असे आपण समजतो. सायकलीच्या बाबतीत ते खरेही आहे. चेन तुटली तर कोपऱ्यावरचा मिस्त्री ती जोडून देतो. त्यासाठी सायकलच्या कारखान्याला अर्ज करावा लागत नाही. पण ज्या वस्तूच्या पोटात लहानसा संगणक बसवला आहे, तिचे तसे नाही. ती चालते कारखान्याने आत भरून दिलेल्या हुकूमनाम्यावर. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा हुकूमनामा आपल्याला वाचता येत नाही, बदलता येत नाही, आणि कारखान्याचे मन त्या वस्तूवरून उडाले की ती आपल्या हातात असूनही अनाथ होते.

मला बोलायचे आहे ते अशा अनाथ वस्तूंना दत्तक घेणाऱ्या मंडळींविषयी, आणि त्यातही एका अगदी कोपऱ्यातल्या कामाविषयी. त्याचे नाव ऐकून कला शाखेतले निम्मे वाचक पान उलटतील अशी धास्ती आहे: खिशात मावणाऱ्या गाण्याच्या यंत्रासाठी साठवणीचा ड्रायव्हर लिहिणे. पान उलटू नये, एवढीच विनंती. यात गणित थोडे आहे आणि भाषा पुष्कळ.

२००१ साली आर्कोस या फ्रेंच कंपनीचे ज्यूकबॉक्स नावाचे यंत्र बाजारात होते. आत संगणकात असते तशी फिरती चकती, म्हणजे हार्ड डिस्क. प्रोसेसर अवघा १२ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २ मेगाबाइट. यंत्र चांगले, पण त्याचे फर्मवेअर रडके. स्वीडनमधल्या ब्यॉर्न स्टेनबर्ग, लिनस नीलसन फेल्टझिंग आणि डॅनियल स्टेनबर्ग यांनी नुसती तक्रार न करता त्या यंत्रासाठी स्वतःचे फर्मवेअर लिहायला घेतले. त्याचे नाव रॉकबॉक्स. पहिली आवृत्ती जून २००२ मध्ये निघाली. तिसरी निघायला २००८ चा सप्टेंबर उजाडला, आणि चौथी २०२५ मध्ये आली. दरम्यान आयपॉड, सॅनडिस्कची सान्सा आणि इतर कितीतरी यंत्रे या पंखाखाली आली. सारी लिखावट खुली आहे. कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. अट इतकीच की बदललेली आवृत्ती पुढे देताना तिची लिखावटही तशीच खुली द्यावी.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? गाणे वाजवणारा भाग म्हणतो, ‘मला अमुक क्रमांकाचा तुकडा दे.’ चकतीला मात्र ही भाषा कळत नाही. तिच्याशी ठरावीक रकान्यांतून बोलावे लागते: किती सेक्टर हवेत ते एका रकान्यात, कुठून हवेत ते पुढच्या तीन-चार रकान्यांत, आणि शेवटी हुकूम. मग थांबायचे. चकती झोपलेली असेल तर तिला गती घ्यायला काही क्षण लागतात. ती ‘कामात आहे’ अशी खूण दाखवते, ती खूण जाईपर्यंत धीर धरायचा, आणि मग ५१२ बाइट दोन-दोन करून उचलायचे. हा मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. गाणे ऐकणाऱ्याला तो दिसत नाही. तो चुकला तरच त्याची आठवण होते.

या दुभाष्याच्या अडचणीही भाषेच्याच असतात. पंचवीस म्हणताना मराठी माणूस आधी पाच उच्चारतो, मग वीस. इंग्रज आधी वीस म्हणतो, मग पाच. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. मोठ्या संख्येचा लहान भाग आधी लिहिणारे आणि मोठा भाग आधी लिहिणारे. आर्कोसमधला हिताची कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या पंथाचा, तर चकतीवरची फॅट नावाची वहीमांडणी पहिल्या पंथाची. दुभाष्याने उलटापालट विसरली तर पंचविसाचे बावन्न होतात आणि भलतेच पान उघडते. एसडी कार्डाची गंमत याहून न्यारी. २ जीबीपर्यंतची जुनी कार्डे पत्ता बाइटमध्ये मोजतात, तर त्यानंतरची मोठी कार्डे ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत. ‘हजारावर जा’ म्हटले तर एकाला ते हजार पावले वाटते, दुसऱ्याला हजार घरे. म्हणून सुरुवातीलाच ‘तू कोणत्या जातकुळीचे?’ असे कार्डाला विचारावे लागते. (जातकुळी विचारणे जिथे योग्य आहे असे माझ्या माहितीतले हे एकमेव ठिकाण.)

शिवाय काटकसर. चकती सतत फिरत राहिली तर बॅटरी काही तासांत रिकामी होते. मध्यम प्रतीचे एमपी-थ्री गाणे मिनिटाला साधारण १ मेगाबाइट खाते. ज्या यंत्रात ३२ मेगाबाइट मेमरी आहे त्यात अर्ध्या तासाची शिदोरी एकदम भरून घेता येते, आणि तेवढा वेळ चकतीला झोपवता येते. आर्कोसच्या २ मेगाबाइटमध्ये ही झोप दोन मिनिटांचीही होत नसे. चकतीला केव्हा उठवावे आणि केव्हा निजवावे याचा जो विचार या लोकांनी केला आहे, तो घरातल्या तान्ह्या मुलाविषयी करतात तसा आहे.

आणि हे सारे करायचे ते माहितीपुस्तिकेवाचून. आयपॉडमधल्या पोर्टलप्लेअर कंपनीच्या चिपांची कागदपत्रे सर्वांसाठी खुली नव्हती. आयपॉडलिनक्स नावाच्या दुसऱ्या एका खटपटीतल्या लोकांनी आधी बरेच खोदकाम केले होते, ते रॉकबॉक्सला उपयोगी पडले. मूळ फर्मवेअर कोणत्या पत्त्यावर काय लिहिते हे पाहायचे, त्यात पुन्हा पुन्हा येणारी खूण शोधायची, तिचा अर्थ अंदाजायचा, करून पाहायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी वाटू नये. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी दोन अक्षरे पाहिली, ती ‘दान’ असावीत असा तर्क केला, आणि ब्राह्मीचे दार उघडले. आपल्या विद्यापीठाने पुरातत्त्व खात्याबरोबर १९६९-७० मध्ये पवनीला उत्खनन केले. तिथले ब्राह्मी दानलेख आपण आज वाचतो ते त्याच तर्काच्या जोरावर. फरक एवढाच, की प्रिन्सेपपुढची लिपी काळाने बंद केली होती. इथली लिपी जाणूनबुजून बंद ठेवलेली असते.

माझा या प्रकरणाशी संबंध आला तो मामांच्या २००६ सालच्या आयपॉडमुळे. त्यात त्यांनी कॅसेटींवरून उतरवून घेतलेली बरीच गाणी होती, आणि आजीने जात्यावर म्हटलेल्या नऊ ओव्या. ती आता नाही. दोन वर्षांपूर्वी आतली चकती टकटक आवाज करू लागली. एका दुरुस्ती केंद्रात दाखवले, तर काउंटरवरच्या मुलाने यंत्र हातातही न घेता ‘हे मॉडेल आता आम्ही बघत नाही’ असे सांगितले. बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याने मात्र ते उघडले, कान लावून ऐकले आणि म्हणाला, “भाऊ, हिचं आता काही खरं नाही. आधी आतलं सगळं काढून घ्या न, मग कार्ड बसवून देतो.” संगणकाला जोडून दोन रात्री उतरवण्याचे काम चालले. गाण्यांच्या फाइलींना मूळ फर्मवेअरने चार-चार अक्षरांची निरर्थक नावे दिलेली. ओव्या कोणत्या, हे एकेक ऐकूनच कळले. नऊपैकी सात मिळाल्या. चकतीच्या जागी एसडी कार्ड बसले, वर रॉकबॉक्स चढवले, आणि आता फाइल ज्या नावाने ठेवावी त्या नावाने दिसते.

कुणी म्हणेल, हा खटाटोप कशासाठी? मोबाइलवर सारे संगीत आहेच. आहे खरे. वसंतराव देशपांड्यांचे गाणे एका बोटाच्या स्पर्शाने ऐकू येते आणि मीही ते तसेच ऐकतो. पण ते माझ्याजवळ नसते. कुठल्याशा कंपनीने आज ऐकू दिलेले असते. उद्या करार संपला तर यादीतून नाव नाहीसे होईल. आणि आजीच्या ओव्या त्या यादीत कधीच नव्हत्या. वऱ्हाडातल्या किती घरांत अशा ओव्या, दंडारीची गाणी, म्हाताऱ्यांचे आवाज जुन्या यंत्रांत पडून आहेत! चकत्या त्यांची वाट पाहत थांबणार नाहीत.

मी कारखानदारांना खलनायक ठरवू इच्छित नाही. नवे यंत्र बाजारात असताना त्याची गुपिते जपण्यात त्यांचा धंदा आहे, हे समजू शकते. ॲपलने १० मे २०२२ रोजी आयपॉडची शेवटची जात बंद केल्याचे जाहीर केले. वस्तू विकणे थांबले, जुन्या जातींची दुरुस्तीही थांबली. मग तिची माहिती कुलपात ठेवून कुणाचा कोणता फायदा होतो? माझे म्हणणे असे, की ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राची दुरुस्ती बंद करील, त्या दिवशी त्याची माहितीपुस्तिका खुली करण्याचे बंधन तिच्यावर असावे. आपला कायदा या बाबतीत समजला जातो तितका मागासलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ साली दुरुस्ती झाली. तिने कायदेशीरपणे हाती आलेला प्रोग्रॅम अभ्यासण्याला आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी त्याचा मेळ घालण्यापुरती माहिती, ती इतरत्र सहज मिळत नसेल तर, काढून घेण्याला मुभा दिली. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टलही सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने अशी क्षेत्रे त्यात धरली आहेत. पण सुटे भाग मिळणे आणि आतली भाषा कळणे यांत अंतर आहे, आणि दुसऱ्या गोष्टीविषयी फारसे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. फुकट काम करणारा माणूस चुकला तर जाब कुणाला विचारायचा? वाचणारा ड्रायव्हर चुकला तर गाणे अडखळते. लिहिणारा चुकला तर वही फाटते. काही चकत्यांचे सेक्टर आतून मोठे असतात आणि अर्धा तुकडा लिहायला त्या नकार देतात. मग पूर्ण तुकडा आणायचा, त्यातला अर्धा बदलायचा, पूर्ण परत ठेवायचा. आणि मध्येच बॅटरी संपली तर? रॉकबॉक्सवाले कसलीही हमी देत नाहीत हे खरेच आहे. पण त्यांची चूक उघड्यावर असते, कुणालाही दाखवता आणि सुधारता येते. बंद फर्मवेअरचीही हमी एका वर्षात संपते, आणि चूक मात्र आतच राहते.

आता आपल्याकडे येतो. माझ्या वर्गात एक दृष्टिहीन मैत्रीण आहे. पडद्यावरच्या यादीचा तिला उपयोग नाही. रॉकबॉक्समध्ये यादीतली प्रत्येक ओळ बोलून दाखवण्याची सोय आहे. अनेक दृष्टिहीन लोक ते वापरतात ते यासाठीच. प्रत्येक वाक्प्रयोगाचा आवाज वेगळा साठवलेला असतो, आणि संख्या मात्र तुकडे जोडून बोलली जाते: आधी वीस, मग पाच. इंग्रजीला ते चालते. मराठीत ‘वीस पाच’ म्हटले तर पोरेही हसतील. आपल्याला पंचवीस, सव्वीस, सत्तावीस असे शंभरापर्यंतचे सगळे आवाज वेगळे हवेत, आणि जोडण्याची रीतही बदलायला हवी. रीत बदलणारा कुणीतरी अभियांत्रिकीकडचा मित्र सापडेल. शब्दयोजना मात्र त्याच्याने होणार नाही. ‘शफल’ला काय म्हणावे, ‘फोल्डर’ला काय म्हणावे की तसेच ठेवावे, आज्ञार्थ ‘कर’ असावा की ‘करा’, हे ठरवायला मराठीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक लागतील. आमच्या मैत्रिणीचे मत ‘करा’ला आहे; यंत्राने आपल्याला अरेतुरे केलेले तिला खपणार नाही. शंभर संख्या आणि काही शे वाक्ये स्वच्छ उच्चारात ध्वनिमुद्रित करायची आहेत. भाषा प्रयोगशाळा दुपारी तीननंतर रिकामी असते, आणि किल्ली ग्रंथालयाच्या टेबलावर मिळते.