गल्ल्यातील नाणे

अकोल्यास लेकीकडे गेलो असता दीड वर्षाच्या नातवाने सूर्यास्तापूर्वीचा वरणभात अकस्मात नाकारला. दूध घोटभर घेई. घास मात्र थुंकून टाकी, लाळ सारखी गळे. आजीने दृष्ट काढली; दात येत असतील, असे मी म्हणालो. सकाळी एक्स-रेमध्ये अन्ननलिकेत अडकलेले रुपयाचे नाणे दिसले! डॉक्टरांनी दुर्बिणीद्वारे ते काढले. आयुष्यभर बँकेत नाणी मोजली. घरातल्या एकाचा हिशेब चुकला.

वाचकहो, धडधाकट मूल अचानक जेवण सोडून लाळ गाळू लागल्यास भरवण्याचा आग्रह न धरता तत्काळ रुग्णालय गाठावे. कॅल्क्युलेटर, रिमोटमधील बटन सेल अडकल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजते. दुकान आणि घर एकत्र असलेल्या आपल्या कुटुंबांनी गल्ला मुलांच्या हाती लागू देऊ नये.