पंच्याहत्तरीनंतरची तपासणी : निर्णय कोणाचा?

जुलै १९८५ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या मोठ्या आतड्यात दुर्बिणीच्या तपासणीत एक मोठी गाठ आढळली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून आतड्याचा तो भाग काढण्यात आला आणि गाठ कर्करोगाची असल्याचे निष्पन्न झाले. रेगन त्या वेळी ७४ वर्षांचे होते; त्यानंतर ते जवळजवळ एकोणीस वर्षे जगले. या घटनेवरून, अशा तपासणीला वयाचे बंधन असू नये, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्याच अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक तज्ज्ञमंडळाने २०२१ साली केलेली शिफारस वेगळी आहे. कोणतेही लक्षण नसतानाही ४५ ते ७५ या वयातील सर्वांनी आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी; ७६ ते ८५ या वयात मात्र ती सरसकट न करता व्यक्तिपरत्वे ठरवावी, असे हे मंडळ म्हणते. या दोहोंत विसंगती दिसते. वस्तुतः ती नाही.

हा कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या लहानशा कोंबातून उद्भवतो आणि कोंबाचा कर्करोग होण्यास सामान्यतः दहा किंवा अधिक वर्षे लागतात. म्हणून आज काढलेल्या कोंबाचा लाभ आज मिळत नाही. मलातील सूक्ष्म रक्त शोधणाऱ्या चाचणीच्या मोठ्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या हजार व्यक्तींमागे एक मृत्यू टळण्यास सरासरी १०.३ वर्षे लागतात, असे त्यात आढळले. तपासणीची किंमत मात्र त्याच दिवशी चुकवावी लागते. आतडे रिकामे करण्यासाठी घेतलेल्या जुलाबाच्या औषधाने शरीरातील पाणी कमी होते. गुंगीच्या औषधाचा ताण हृदयावर व श्वसनावर पडतो. क्वचित रक्तस्राव होतो, आतड्याला छिद्रही पडू शकते. वय वाढते तसे हे धोके वाढतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ही दहा वर्षांची मुदत ठेव आहे, आणि ती ठेवताना काही रक्कम तत्काळ कापून घेतली जाते. मुदत पुरी होईपर्यंत थांबण्याची शक्यताच ज्याच्यापाशी नाही, त्याच्या पदरी केवळ कपात पडते.

तेव्हा खरा प्रश्न किती वर्षे झाली हा नसून किती वर्षे उरली असावीत हा आहे. पंच्याहत्तर हा आकडा सरासरीचा आहे, आणि सरासरी नावाचा मनुष्य कोठेही राहत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दोन गृहस्थ घ्या. एक रोज दोन मैल चालतो, त्याला मोठा आजार नाही आणि आयुष्यात त्याची ही तपासणी कधीच झालेली नाही. दुसऱ्याचे हृदय दुर्बल आहे, मूत्रपिंडे थकली आहेत आणि सत्तराव्या वर्षी दुर्बिणीने केलेल्या तपासणीत त्याचे आतडे निर्दोष ठरले होते. पहिल्याला तपासणी लाभदायक ठरू शकेल. दुसऱ्याला ती बहुधा त्रासच देईल. रेगन यांचे उदाहरण यात सहज बसते. तथापि अशा उदाहरणांतून एक फसगतही होते. तपासणीने वाचलेला मनुष्य सर्वांना दिसतो. तपासणीने ज्याला इजा झाली, किंवा ज्याच्या शरीरातील मंदगती गाठ त्याला जन्मात त्रास देणार नव्हती, तो कोणाच्याच हिशेबात येत नाही.

मग हा हिशेब करावयाचा कोणी? केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला आपल्याला काय हवे हे विक्रेत्याकडूनच कळते. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या शासकीय विमा योजनेत कोलनोस्कोपीला वयाची वरची मर्यादा नाही, आणि डॉक्टरला मोबदला मुख्यतः केलेल्या तपासणीचा मिळतो, न केलेल्या तपासणीबद्दलच्या सल्ल्याचा नव्हे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ या वयातील लोकांना दर दोन वर्षांनी मलचाचणीचे साहित्य घरपोच पाठविले जाते. त्यानंतर ते आपोआप येत नाही. हवे असल्यास मागून घ्यावे लागते. दार बंद न करता आग्रह तेवढा थांबविणारी ही रीत अधिक समंजस आहे. परंतु मागण्यासाठी आधी माहिती लागते, आणि एकट्या, अल्पशिक्षित वृद्धापाशी नेमकी तीच नसते. एका पद्धतीत मोबदला निर्णय घेतो, दुसरीत मौन.

वयानुसार तपासणी थांबविणे म्हणजे वृद्धांचे आयुष्य स्वस्त मानणे होय, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. निर्णयामागे केवळ तिजोरीची काटकसर असेल तर तो खराही आहे. मात्र तपासणी थांबविणे आणि उपचार थांबविणे या भिन्न गोष्टी आहेत. मलावाटे रक्त जाणे, कारण न कळता पंडुरोग होणे, वजन घटणे, शौचाची सवय बदलणे ही लक्षणे दिसली की प्रश्न निरोग्याच्या तपासणीचा राहत नाही. तो रोगनिदानाचा होतो. तेथे पंच्याऐंशी वर्षे हेही टाळाटाळीचे निमित्त होऊ शकत नाही.

आपल्याकडे हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे. २०१६ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची सार्वत्रिक तपासणी आली. आतड्याच्या कर्करोगाची नव्हे. परिणामी एकीकडे शहरांतील आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये निरोगी वृद्धांनाही मुलांच्या हौसेखातर नाना चाचण्या घडतात, तर दुसरीकडे रक्त पडत असलेल्या आजोबांना ‘मूळव्याधच असेल’ म्हणून घरी बसविले जाते. २०२४ साली आयुष्मान भारत योजनेचे छत्र उत्पन्नाची अट न घालता सत्तरीपुढील सर्वांवर धरण्यात आले. खर्च तिसरा सोसू लागला की ‘करून टाकू’ म्हणणे सोपे होते. म्हणूनच काय केले याइतकेच का केले हे विचारण्याची शिस्त आत्ताच लागली पाहिजे.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. डॉक्टरपाशी पंधरा मिनिटे लागतात. यापूर्वी तपासणी झाली होती काय, अन्य आजार कोणते आहेत, गाठ सापडलीच तर शस्त्रक्रिया झेपेल काय आणि ती करून घेण्याची इच्छा आहे काय, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. अखेरचा प्रश्न मुलाला किंवा सुनेला नव्हे, समोर बसलेल्या वृद्धालाच विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर ‘हो’ असो वा ‘नको’, ते समजून उमजून दिलेले असेल तर शास्त्राची त्याला हरकत असण्याचे कारण नाही.