कामतांची इडली आणि बँकेची वही

सडक अर्जुनीच्या नावातच तिचा धंदा सांगितलेला आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची तालुक्याची गावे दोन. एक मोरगावची आणि दुसरी ही, सडकेवरची. सडक म्हणजे नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ झाला आहे. भोवती धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव, पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आणि मधून रात्रंदिवस धावणारे ट्रक. अशा गावात शेतीखालोखालचा धंदा कोणता, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. कढईत आलुबोंडे, पातेल्यात तर्री, परातीत पोहे आणि शेगडीवर दिवसभर उकळणारा चहा.

गंमत अशी, की हे हॉटेल सहसा एकाचे दोन होत नाही. बापाकडून मुलाकडे येते, बाकड्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, पाटी नवी रंगवली जाते. पण पन्नास किलोमीटरवर त्याच नावाची दुसरी पाटी लागत नाही. चव कमी असते म्हणावे, तर तसेही नाही. मग साखळी उभी करणाऱ्या माणसाकडे असे काय असते, जे यांच्याकडे नाही? हा प्रश्न आज विचारायचे कारण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याने ‘हमसफर’ नावाचे धोरण जाहीर केले. महामार्गावर प्रवाशांना स्वच्छ प्रसाधनगृहे, लेकुरवाळ्यांसाठी खोली, अपंगांसाठी चाकाची खुर्ची, वाहनतळ, विजेच्या गाड्यांचे चार्जिंग, खाणेपिणे मिळावे, असा त्याचा हेतू. बायकामुलांना घेऊन ज्यांनी या रस्त्याने प्रवास केला आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र रस्त्यावरची भूक पुढच्या पिढीत कोण भागवणार, याचाही निकाल त्यातच लागायचा आहे.

मराठी वाचकाला हॉटेलांची साखळी म्हटले, की पहिले नाव आठवते ते कामतांचे. विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे आत्मकथन शोभा बोंद्रे यांच्या शब्दांकनातून आले आणि घरोघरी वाचले गेले. दहावी-बारावीच्या मुलांना बक्षीस म्हणून ते दिलेले मी पाहिले आहे. बहुतेकांनी ते जिद्दीची कथा म्हणून वाचले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणे वाचली, त्यामुळे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ती एका पिढीच्या रोकडीची आणि दुसऱ्या पिढीच्या कर्जाची आहे.

वडील व्यंकटेश कामत कारवारकडचे. मुंबईत आले, हॉटेलांतून पडेल ते काम केले आणि पुढे ‘सत्कार’ हे स्वतःचे उपाहारगृह काढले. त्या किनाऱ्यावरून आलेल्या सगळ्यांनाच मुंबईने सरसकट ‘उडपी’ म्हणून टाकले, पण त्यांच्या धंद्याची रीत खरोखरच एक होती. माल रोजचा, विक्री रोजची, उधारी नाही आणि गल्ल्यावर मालक स्वतः. त्याच मुलखाने आपल्याला पिग्मी ठेवही दिली, हा योगायोग मला मोठा वाटतो. १९२५ साली उडुपीला स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दारोदार जाऊन दररोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी एजंट आजही विदर्भातल्या बाजारपेठांत संध्याकाळी पुस्तक घेऊन फिरतो. ज्याच्या हातात दिवसाकाठी चार पैसे येतात त्याने ते दिवसाकाठीच बाजूला टाकावेत, ही बुद्धी हॉटेलवाल्याची आहे.

या बुद्धीवर एक हॉटेल उत्तम चालते. दुसरे मात्र चालत नाही. मालक एका वेळी एकाच गल्ल्यावर बसू शकतो. आचारी गेला की चव जाते. सांबार हाताच्या अंदाजाने होत असेल, तर ते दुसऱ्या गावी तसेच होणार नाही. साखळीवाल्याला हाताची चव मापात उतरवावी लागते: किती डाळ, किती चिंच, किती मिनिटे, वाटी केवढी. कामतांनी महामार्गांवर आपल्या नावाची उपाहारगृहे उभी केली, पुष्कळ ठिकाणी ती चालवायला दुसऱ्यांना दिली. तिथे विकत होते ते या मापातले खाणे. अनोळखी गावात गाडी थांबवताना बाईमाणसाच्या मनात चवीआधी दुसरीच शंका असते, हे ज्याने ओळखले तो तरला. प्रसाधनगृह धुतलेले असेल, इडली कालची नसेल, एवढी खात्री एका पाटीने द्यावी, बस्स. ही खात्री म्हणजेच धंद्यातली मालमत्ता. पण बँकेच्या मूल्यांकनकर्त्याला ती दिसत नाही. त्याला जमीन, इमारत आणि यंत्रे दिसतात.

अमेरिकेत हे फार आधी ओळखले गेले. रे क्रॉक यांनी १९५५ साली मॅकडोनाल्डचे आपले पहिले दुकान काढले तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. त्यांचे अर्थव्यवहार पाहणाऱ्या हॅरी सोनेबोर्न यांनी त्यांना पटवले, की पैसा बर्गरात नाही, दुकानाखालच्या जागेत आहे. जागा कंपनीने ताब्यात घ्यावी आणि चालवणाऱ्याकडून भाडे घ्यावे. त्यामुळे कंपनीला तारण मिळाले, तारणावर कर्ज मिळाले, कर्जावर साखळी वाढली. तेच मॅकडोनाल्ड १९९६ मध्ये भारतात आले.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, विठ्ठल कामत यांनी मुंबईच्या विमानतळाजवळ ‘ऑर्किड’ हे पंचतारांकित हॉटेल सुरू केले. पर्यावरणाची काळजी घेणारे ‘इकोटेल’ म्हणून त्याची ख्याती झाली. खोलीतले एक बटण दाबले, की वातानुकूलनाचे तापमान थोडे वर चढते. पाहुण्याच्या एका बोटाने वीज वाचते. कल्पना खरोखरच देखणी. पण इडली विकणारा माणूस पंचतारांकित इमारत बांधतो, तेव्हा त्याच्या धंद्याचा स्वभावच बदलतो. इडलीचे पैसे त्याच सकाळी गल्ल्यात येतात. इमारतीचे पैसे वीस वर्षांत यायचे असतात आणि हप्ता तर महिन्याला जायचा असतो.

त्यातून १९९० नंतर बँकांचे नियमही बदलत गेले. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर थकलेल्या कर्जाला थकलेलेच म्हणावे लागू लागले. २००२ मध्ये तारण परस्पर ताब्यात घेण्याचा कायदा आला, आणि २००४ पासून ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरू लागले. हे आवश्यकच होते, यात मला शंका नाही. पण पर्यटनाचा धंदा तीन-तीन महिन्यांच्या हिशेबाने चालत नाही. कुठे बॉम्बस्फोट झाला, कुठे साथ आली, की खोल्या वर्षभर रिकाम्या राहतात. कर्जाने आपल्याला आयुष्य नकोसे होण्यापर्यंत नेले होते, हे कामतांनी लपवलेले नाही. इमारतीच्या बाहेर दोरावर लटकून रंग देणारा कामगार पाहिला आणि आपण माघारी फिरलो, असे ते सांगतात. त्यांच्या कंपनीच्या मागचा देण्यांचा ससेमिरा त्यानंतरही पुष्कळ वर्षे राहिला. कर्जे मालमत्ता पुनर्रचना करणाऱ्या कंपन्यांकडे गेली आणि २०२३ च्या सुमारास नवे रोखे काढून जुनी देणी भागवावी लागली. व्याख्यानांच्या टाळ्यांत हा भाग सहसा ऐकू येत नाही. कामतांविषयी माझा आदर ऑर्किडपेक्षा यासाठी अधिक आहे, की ते देण्याच्या काळात दिसेनासे झाले नाहीत.

सडक अर्जुनीला जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते नागपुरात आहे. बिकानेरच्या गंगाबिशन अग्रवाल ऊर्फ हल्दीराम यांचे नातू शिवकिसन अग्रवाल नागपुरात आले आणि ज्या गावाला भुजियाची सवय नव्हती तिथे त्यांनी धंदा वाढवला. त्यांच्या संत्रा बर्फीचे डबे आज पाहुणे म्हणून जाणाऱ्या प्रत्येक वैदर्भीयाच्या पिशवीत असतात. २०२५ मध्ये हल्दीरामच्या व्यवसायात सिंगापूरच्या टेमासेकने हिस्सा घेतला. पण तिथे पाठीशी बिकानेर, कोलकाता असे पसरलेले कुटुंब होते. पहिले भांडवल, पहिला विश्वासू माणूस आणि पहिली चूक पोटात घालणारे कोणी तरी घरातच मिळाले. कामतांनाही वडिलांचे हॉटेल होते.

आता पुन्हा आपल्या सडकेवर येऊ. लाखनी, साकोली या गावांत उड्डाणपूल झाले आणि पूर्वी बाजारपेठेतून जाणाऱ्या गाड्या वरून निघून जाऊ लागल्या. ज्यांचे ग्राहक म्हणजे थांबणारी गाडी, त्यांच्यासाठी हा बदल दुष्काळापेक्षा कमी नाही. महामार्ग प्राधिकरण ठरावीक अंतरावर प्रवासी सुविधांच्या जागा विकसित करते आहे. त्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने निविदा काढून दिल्या जातात. निविदा म्हणजे अनामत रक्कम, उलाढालीचे दाखले आणि सनदी लेखापालाची सही. त्यामुळे पहिली पाटी कोणाची लागेल, हे ओळखणे कठीण नाही. ‘हमसफर’चे वेगळेपण असे, की आहे ते हॉटेल, आहे तो ढाबाही त्यात नोंदवता येतो, निकष पाळले तर महामार्गाच्या मोबाइल ॲपवर त्याचे नाव प्रवाशाला दिसू शकते. म्हणजे कामतांच्या पाटीने दिलेली खात्री सरकारने गरिबाच्या पाटीलाही द्यायची. कागदावर ही गोष्ट मला आवडली.

अडचण पुढे आहे. नोंदणीसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे बांधायला हवीत, त्यासाठी पाणी आणि पैसा हवा. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याची मर्यादा २० लाखांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. पण वरची मर्यादा त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी आधीचे मोठे कर्ज घेऊन फेडले आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला जे मिळते, त्यात फ्रीज येतो, गॅसची भट्टी येते, बांधकाम येत नाही. बांधकामाला कर्ज मागितले, तर बँक जागेचा कागद मागते, आणि तो मागावाच लागतो. पोह्याचे हॉटेल मात्र बहुधा रस्त्याच्या कडेच्या त्याच पट्टीवर उभे असते, जी चौपदरीकरणात सर्वांत आधी मोजली जाते. नगरपंचायतीने सडकेलगत स्वतःची एक जागा राखावी, प्रसाधनगृहे तिने बांधावीत आणि सहा-सात हॉटेलवाल्यांना, त्यात एखाद्या महिला बचत गटालाही, तिथे लेखी भाडेपट्ट्याने गाळे द्यावेत, एवढे तरी होऊ शकते. तो नोंदणीकृत भाडेपट्टा हातात असला, की पोहेवाला पहिल्यांदाच बँकेच्या मॅनेजरसमोर खुर्चीवर बसेल.