थंडाव्याची उचलेगिरी

गाडीच्या एसीची थंडी इंजिनाकडे वळवा आणि पिकअप वाढवा, असं सांगून किट विकणारे आता आपल्याकडेही भेटायला लागले आहेत. मी गाड्यांच्या एसीचं काम करतो आणि मला स्पष्ट सांगायचंय की रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हे किट बसवून देणं ही गिऱ्हाइकाची उघड फसवणूक आहे. कल्पनेत खोट नाही. ती जिथे जन्मली तिथे चांगली चालते. पण इथे ती ज्या थापा मारून गळ्यात बांधली जाते त्या थापांचं बिल मागच्या सीटवर बसलेली म्हातारी माणसं आणि लेकरं भरतात.

आधी कामाचं बोलू. टर्बो हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते. मे महिन्यात पुण्यातली ३८ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर टर्बोतून बाहेर पडताना ती सव्वाशे अंशांच्या पुढे गेलेली असते. गरम हवा विरळ, तिच्यात ऑक्सिजन कमी. पेट्रोल इंजिनात वर नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकण्याची भीती, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी मलूल पडते. इंटरकूलर असतो तो यासाठीच. तो हवा ५५-६० अंशांवर आणून देतो. किटवाला म्हणतो, मी ती ३० वर आणतो. ६० वरून ३० वर आली तर हवा जवळजवळ १० टक्के घट्ट होते, हे गणित बरोबर आहे. एवढंच एक गणित दाखवतात, पुढचं पान उलटत नाहीत. म्हणूनच शिकलेली पोरंही फसतात.

किट म्हणजे काय, तर एसीच्या लिक्विड लाइनला टी मारायची, तिथून दुसरा एक्सपान्शन व्हॉल्व्ह काढायचा आणि एक लहान चिलर बसवायचा. चिलरच्या एका अंगाने एसीचा गॅस जातो, दुसऱ्या अंगाने इंटरकूलरचं पाणी. म्हणजे मुळात इंटरकूलर पाण्यावर चालणारा हवा. आपल्याकडच्या बहुतेक टर्बो गाड्यांमध्ये तो हवेवर चालणारा, बंपरमागे नाहीतर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो. चाकणला तयार होणाऱ्या कुशाक, व्हर्टस यांच्या टीएसआय इंजिनांसारख्या काही गाड्यांत मात्र तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच पाण्यावर चालतो. अशा गाडीचा मालक दिसला की किटवाले त्याला सोडत नाहीत. बाकीच्यांना आधी पाण्याचा इंटरकूलर विकतात आणि मग चिलर.

आता ही कल्पना कारखान्यातूनच गाडीत कुठे आली ते सांगतो, कारण किटवाले तिचंच नाव पुढे करतात. २०१८ ची डॉज चॅलेंजर एसआरटी डेमन. ६.२ लिटरचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन, पंपावरच्या पेट्रोलवर ८०८ अश्वशक्ती आणि रेसच्या इंधनावर ८४०. पाव मैलाची शर्यत ९.६५ सेकंदांत. ड्रॅग मोड लावला की या गाडीचा एसी केबिनला गॅस देणं थांबवतो आणि तो सगळा चिलरकडे वळवतो. गाडी रेषेवर उभी असताना पाणी गार करून ठेवते, दहा सेकंदांत ते वापरून टाकते आणि परत येऊन इंजिन बंद केलं तरी पंप आणि पंखा चालू ठेवून पाणी पुन्हा निववते. काम दहा सेकंदांचं आहे हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. ही गाडी मुळात फक्त ड्रायव्हरच्या सीटसह मिळायची. शेजारची आणि मागची सीट हवी असेल तर एकेक डॉलर मोजून घ्यायची. केबिनमधली थंडी काढून घेणाऱ्यांनी केबिनमधली माणसंही आधीच काढून टाकली होती. हा प्रामाणिकपणा आहे. आपल्याकडे पाच सीटची, आई-वडिलांना घेऊन पंढरपूरला जाणारी गाडी तशीच ठेवतात आणि तिच्यातली थंडी तेवढी पळवतात.

पळवतात किती, तेही बघा. लहान गाडीच्या एसीची क्षमता साधारण चार-पाच किलोवॉट. उन्हात तापलेली, पाच माणसांची केबिन गार ठेवायलाच त्यातली निम्म्याहून जास्त लागते. उलट दीड लिटरच्या टर्बो इंजिनाला जोर लावला तर नुसती दाबलेली हवा गार करायला सात-आठ किलोवॉट हवेत. चार-पाचातून हे सात-आठ कुठून आणणार? साठवून ठेवलेल्या गार पाण्यातून. ते पाणी पाच लिटर धरा, ते २५ अंशांनी तापेपर्यंत सुमारे सव्वापाचशे किलोज्यूल शोषून घेईल. पूर्ण जोरात ते साधारण एक मिनिट टिकतं. अर्ध्या जोरात दोन. खंडाळ्याचा घाट दोन मिनिटांत संपत नाही. त्यातही बहुतेक गाड्यांचा ईसीयू ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच तोडतो, कारण तो कॉम्प्रेसर चालवायला इंजिनाची दोन-तीन किलोवॉट ताकद जाते. म्हणजे ज्या क्षणी थंडी हवी त्याच क्षणी ती तयार होणं बंद. मग काही जण ती वायर बायपास करून कॉम्प्रेसर सतत चालू ठेवतात. कंपनीने विचार करून घातलेलं संरक्षण कापायचं आणि त्याला ट्यूनिंग म्हणायचं.

आणि उष्णता जाते कुठे? एसी उष्णता नाहीशी करत नाही, इकडची तिकडे टाकतो. इंटरकूलरच्या पाण्यातून काढलेली सगळी उष्णता, वर कॉम्प्रेसरच्या कामाची भर, ही कंडेन्सरमधून बाहेर पडते. कंडेन्सर असतो रेडिएटरच्या पुढे. तिथली तापलेली हवा मागे रेडिएटरवर जाते. कात्रजला किंवा खंबाटकीला ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असते तेव्हा समोरून वारा नसतो, फक्त पंखा असतो. अशा वेळी कंडेन्सरवर दुप्पट भार टाकला की पाण्याचा काटा वर सरकणारच.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक गोष्ट घडते. ती कुठलाच किटवाला सांगत नाही. जूनमध्ये मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५-२६ अंशांवर असतो. पण हवा दाबली की तिचा दवबिंदूही चढतो. टर्बोने ती पावणेदोन-दोन पट दाबली की तो ३६ अंशांच्या आसपास पोचतो. म्हणजे इंटरकूलरमध्ये हवा ३६ च्या खाली नेली की आतल्या आत पाणी सुटायला लागतं. ३६ वरून २० वर आणायची तर निव्वळ हवा गार करायला जेवढी थंडी लागते, त्याच्या दुप्पट थंडी वाफेचं पाणी करण्यात खर्च होते. या टप्प्यात तुमच्या केबिनमधून ओरबाडलेल्या थंडीचे तीनातले दोन हिस्से असे जातात. ते पाणी इंटरकूलरच्या तळाशी साठतं आणि पुढच्या खेपेला ॲक्सिलरेटर दाबला की एकदम इंजिनात ओढलं जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडी चालवणाऱ्याला हे किट विकणारा माणूस एकतर हे शिकलेला नाही किंवा शिकून बोलत नाही. दोन्ही परिस्थितीत त्याने दुसऱ्याच्या गाडीला पाना लावू नये.

गेल्या उन्हाळ्यात एका तरुणाने गाडी आणली. बरोबर बायको, लहान मुलगी आणि नगरहून आलेले वडील. "काका, पुढे एसी बरा आहे, मागे पोचत नाही. जरा गॅस टॉपअप करून द्या," म्हणाला. बॉनेट उघडलं तर एसीचा जादा पाइप लॉकटायने बॅटरीच्या स्टँडला बांधलेला. त्याच्यावर गुंडाळलेला काळा फोम टर्बोच्या पाइपाला टेकून वितळलेला. नव्या जोडावर तेलाचा ओलसर थर, म्हणजे गॅस तिथूनच झिरपत होता. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस किती ग्रॅम भरायचा ते कंपनीने छापलेलं असतं. लाइन वाढवली, चिलर वाढवला, तर तो आकडा नव्याने काढावा लागतो. इथे अंदाजाने गॅस ढकललेला होता. गेज लावले. गाडी नुसती उभी असतानाच हाय साइडचा दाब तीनशे पीएसआयच्या वर.

कॉम्प्रेसर उतरवला. आतून काळं तेल आलं आणि बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात चांदीसारखी चमक. ती घासलेल्या धातूची होती. एसीच्या कॉम्प्रेसरला वेगळा तेलाचा पंप नसतो, तेल गॅसबरोबरच फिरतं. चार फूट जादा पाइप टाकला, त्याला खोलगट वळण दिलं की तेल तिथे बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. त्या मुलाला विचारलं, पिकअप तरी वाढला का? म्हणाला, "सकाळी पहिल्यांदा दोन-तीन वेळा जाणवतं." तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि ड्रायर तिन्ही बदलावे लागले, कारण धातूचा तो कीस सगळ्या लाइनभर गेला होता. वडील बाकावर बसले होते. सदऱ्याची पाठ घामाने पूर्ण चिकटलेली, आणि मुलाला वाईट वाटू नये म्हणून "होईल नीट, होईल नीट" म्हणत होते. मला त्या मुलाचा राग आला नाही. ज्याने पैसे घेऊन हे जोडून दिलं त्याचा आला आणि तो अजून उतरलेला नाही.

गॅसबद्दल तर बोलायलाच हवं. किट जोडायचं तर आधी सिस्टीममधला गॅस काढावा लागतो. तो मशीनने खेचून बाटलीत भरायचा असतो. हे लोक व्हॉल्व्ह दाबून फुस्सकन हवेत सोडतात. आपल्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापवतो. अर्धा किलो सोडला तर ते तीनशे लिटर पेट्रोल जाळण्याइतकं झालं. हेच वायू कमी करण्यासाठी २०१६ चा किगाली करार झाला, भारताने २०२१ मध्ये तो मान्य केला, आणि गॅरेजच्या शटरमागे हा कारभार चालतो.

कायदाही साफ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला बंदी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठासून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मालकाला, हे लक्षात घ्या. किटवाला तोवर फोन उचलत नसतो.

ज्यांना खरोखर शर्यतीची हौस आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत. तिथे जाणाऱ्याने वेगळी गाडी ठेवावी, पाण्याची मोठी टाकी बसवावी, कंडेन्सर मोठा घ्यावा आणि नीट मोजून गॅस भरावा. मी स्वतः येऊन मदत करीन.

रोजच्या गाडीची तक्रार असेल तर आधी बंपर उतरवा. कितीतरी गाड्यांमध्ये कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्यामध्ये माती, किडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा थर सापडतो. पंख्याचं श्राउड तुटलेलं असतं, नाहीतर मागच्या अपघातानंतर परत बसवलेलंच नसतं. टर्बोच्या होजपाइपाची क्लिप सैल असते आणि दाब तिथूनच निघून जातो. पाण्याचा इंटरकूलर असेल तर त्याचा छोटा पंप मेलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो. ही सगळी कामं किटच्या किमतीच्या एका तुकड्यात होतात, गाडी पुन्हा कंपनीने दिली तशी ओढायला लागते आणि मागच्या सीटवर गार हवा येते.

आणि किटवाल्याने डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा आलेख दाखवला तर त्याला पाचवी फेरी मागा. पहिली सगळेच दाखवतात, गार पाण्याची. लागोपाठ पाचवी दाखव म्हणावं. नाहीतर त्याने त्याची गाडी घेऊन माझ्याकडे यावं. मे महिना, दुपारचे दोन, आत पाच माणसं, हाय आणि लो साइडला माझे गेज आणि मागच्या सीटजवळ थर्मामीटर. कात्रजच्या जुन्या घाटाने वर जाऊ. पेट्रोल माझं.