हातमोज्यांचें सोवळें

आमच्या विश्रांतवाडींत एका रुग्णालयाच्या तपासणी-प्रयोगशाळेंत रक्त द्यावयास आलेले एक वयोवृद्ध गृहस्थ गेल्या महिन्यांत चांगलेच रागावले. रक्त काढणाऱ्या मुलीनें हातांत रबरी मोजे चढविले, हें त्यांस अपमानास्पद वाटलें. “आमच्या घराण्यांत कोणास कसला रोग नाहीं, मुली!” असें ते म्हणाले. ती शांतपणें उत्तरली, “आजोबा, तुमच्या आधींच्यांनाही घातले होते, नंतरच्यांनाही घालीन. जोडी मात्र दर वेळीं नवी.”

हें उत्तर विचार करण्याजोगें आहे. आपल्या घरोघरींचें सोवळें माणूस पाहून ठरत आलें. कोणास शिवावें व कोणास शिवूं नये, हें कुळावरून आणि प्रसंगावरून. प्रयोगशाळेचें सोवळें नेमकें उलट. तेथें आलेलें प्रत्येक रक्त, मग तें कोणाचेंही असो, रोगजंतूंनीं युक्त आहे असेंच धरून चालावयाचें. १९८७ सालीं अमेरिकेंतील रोगनियंत्रण केंद्रानें हा नियम स्पष्ट शब्दांत घालून दिला, व आज तो सर्वत्र मान्य आहे. त्याचें कारणही सोपें आहे. काविळीचा किंवा एड्सचा विषाणू रक्तांत घेऊन मनुष्य कित्येक वर्षें ठणठणीत दिसूं शकतो. चेहरा पाहून मोजे घालणारा केव्हां ना केव्हां फसणारच.

या कामांत मोठें भय सुईचें. दूषित सुई बोंचल्यास एड्सचा विषाणू जडण्याचा संभव हजारांत सुमारें ३. परंतु ‘ब’ प्रकारच्या काविळीचा संभव, लस न घेतलेल्यास, शेंकडा ३० पर्यंत असूं शकतो. वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण घालूं जातांच बोट भोसकतें. म्हणून ती तशीच पांढऱ्या, टणक डब्यांत टाकावयाची असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे रंगही ठरवून दिले आहेत. काविळीची ही लस घेतल्यानें भय बहुतांशीं टळतें. पण नळ्या धुणाऱ्या व कचरा उचलणाऱ्या नोकरास ती दिली आहे काय, असें रुग्णालयाच्या चालकांस विचारणारे आपल्यांत किती? अहवाल तासभर उशिरा आला तर मात्र आपण आवाज चढवितों.

हें भय कल्पित नव्हे. आपल्या पुण्यानेंच तें अनुभविलें आहे. १९५२ सालीं येथें विषाणुसंशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं, आणि आसपासच्या खेडुतांस ताप येऊं लागला. तेथील नमुने तपासून या केंद्रानें एक नवाच विषाणू शोधून काढला. परंतु रानांत गोचीड चावून येणारा तो ताप पुढें प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या कांहीं मंडळींसही आला! असल्या कामांत, नळी उघडतांना किंवा यंत्रांत गरगर फिरवितांना, डोळ्यांस न दिसणारे तुषार उडतात व श्वासाबरोबर आंत जातात. म्हणून फिरत्या यंत्रांत नळी फुटली तर जाणता मनुष्य तें तात्काळ उघडीत नाहीं. अर्धा तास बंदच ठेवितो. अति घातक विषाणूंसाठीं याच संस्थेनें २०१२ सालीं पाषाण येथें कडेकोट बंदोबस्ताची निराळी प्रयोगशाळा उभारली. तिच्यांतील हवा गाळल्यावांचून बाहेर जात नाहीं. २०२० च्या साथींत नाकाघशांतील द्रवाचे नमुने एकांत एक अशा तीन आवरणांत बांधून पाठवीत, तेंही याच सावधगिरीपायीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. कारण लघवी, थुंकी इत्यादि नमुन्यांचा पहिला प्रवास बहुधा आपल्याच हातून होतो. मुरंब्याची जुनी बाटली, झाकण सैल, भोंवतीं डॉक्टरांची चिठ्ठी गुंडाळून वर रबर, आणि हें सगळें भाजीच्या पिशवींत! ती ओली चिठ्ठी मग कारकुनाच्या हातीं, तेथून डॉक्टरांच्या मेजावर, व शेवटीं आपल्याच कपाटांत मुलांच्या प्रगतिपुस्तकांशेजारीं जाऊन बसते. वाळलेल्या रक्तांतही ‘ब’ काविळीचा विषाणू निदान ७ दिवस टिकूं शकतो, हें ध्यानांत घेतल्यास चिठ्ठी निराळी ठेवण्याचा आग्रह कोणास जाचक वाटूं नये. डबी प्रयोगशाळेंतूनच मागून घ्यावी. घरीं रक्त सांडल्यास नुसतें फडकें फिरवूं नये. हातांत मोजे घालून आधीं कागद पसरावा, त्यावर पाण्यांत कालविलेलें ब्लीचिंग ओतावें, आणि दहा मिनिटें थांबून मग पुसावें.

क्षयाच्या शंकेनें थुंकी मागविली असेल तर ती सकाळीं, चूळ भरून, खोल खोकून काढावी. पण कोंदट खोलींत नव्हे, गच्चीवर किंवा अंगणांत, मुलें जवळ नसतांना. झाकण घट्ट लावावें, डबी बाहेरून पुसावी, हात साबणानें धुवावे. आणि नांव डबीवर लिहावें, झाकणावर नव्हे. झाकणें अदलाबदल होतात.